रोजच्या जगण्यात नम्रतेने ख्रिस्ती विश्वास कसा जगावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर दाराशी, अभ्यासगटात, पत्रांतून आणि फोनवर हे प्रश्न फिरून फिरून येतात. नवे विश्वासी विचारतात, तसेच सगळं आयुष्य मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घालवलेले लोकही विचारतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलं आहे. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात गुंततो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शास्त्रवचनं बहुतेक ठिकाणी फक्त संदर्भाने दिली आहेत. ती पवित्र शास्त्र उघडून आजूबाजूच्या ओळींसकट वाचावीत.

१. नम्र असणं म्हणजे स्वतःला कमी लेखणं का?

नाही. रोमकरांस पत्रात (१२:३) पौल, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, सांगतो की कोणी स्वतःला वाजवीपेक्षा मोठं समजू नये, भान ठेवून समजावं. म्हणजे मोजमाप खरं असावं. ज्याचा गळा गोड आहे त्याने “मला कुठे गाता येतं!” म्हणणं खरं नसतं. शिवाय ऐकणाऱ्याला “नाही हो, छान गाता” असं म्हणावंच लागतं आणि सगळ्यांचं लक्ष पुन्हा गाणाऱ्याकडेच वळतं. त्याच अध्यायात पौल लगेच पुढे कृपादानांबद्दल बोलतो: शिकवता येत असेल त्याने शिकवावं, देता येत असेल त्याने मोकळ्या हाताने द्यावं.

करिंथकरांना तो विचारतो, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? (१ करिंथ ४:७). या अख्ख्या विषयाची किल्ली मला या एका प्रश्नात दिसते. पुढची बरीचशी उत्तरं इथेच येऊन टेकतात.

२. विश्वास न ठेवणारी माणसंही नम्र असतात. मग ख्रिस्ती नम्रतेत वेगळं काय?

असतात, आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा जास्त असतात. ते मोकळेपणाने मान्य करावं. वेगळेपण आहे ते मुळाशी. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल मंडळीतली भांडणं मिटवायला निघाला आहे. त्यासाठी तो वागण्याचे नियम सांगत बसत नाही, थेट ख्रिस्ताची गोष्ट सांगतो: देवाच्या बरोबरीचा असून त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. आपण वाकतो ते आपल्यासाठी कोणीतरी आधी वाकलं म्हणून.

यातली एक बाजू सहसा सुटून जाते. योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुवायला बसतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला हे अगदी नम्र वाटतं, पण येशू ते चालवून घेत नाही. आपण मंडळीतल्या सगळ्यांसाठी धावतो आणि स्वतः आजारी पडलो की कोणाला कळू देत नाही, तेव्हा आपण पेत्राच्याच जागी बसलेलो असतो. दुसऱ्याची सेवा घेता येणं हाही नम्रतेचाच भाग आहे, आणि कर्त्या माणसांना तोच जास्त जड जातो.

३. रोजच्या दिवसात नेमकं काय करू? मोठं काही माझ्याने होणार नाही.

मोठं काही नकोच.

सकाळी कामांची यादी डोक्यात शिरण्याआधी एवढंच म्हणा: प्रभू, आज जे माझ्या वाट्याला येईल ते तुझ्याकडून आलेलं समजून करीन. मग दिवसभरात एक काम असं करा, जे तुम्ही केलंय हे कोणाला कळणार नाही. उपासनेनंतरचंच बघा. लोक दाराशी गप्पा मारत उभे असतात आणि आत कोणीतरी एकटं खुर्च्या एकावर एक रचत असतं. तिथे जाऊन “काही मदत करू का?” असं विचारलं की ते “नको, राहू दे” म्हणणार, हे ठरलेलं आहे. न विचारता दुसऱ्या टोकाच्या रांगेपासून सुरुवात करा.

बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या. याकोब १:१९ मध्ये ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमा असं सांगितलंय. आपण बहुतेक वेळा ऐकत नसतो, आपली पाळी यायची वाट बघत असतो. आणि रात्री झोपताना मनाशी दोन गोष्टी तपासा: आज मी कोणाला तोडून बोललो, आणि कोणाचे आभार मानायचे राहिले? त्यातली एक तरी दुसऱ्या दिवशी निस्तरा.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. ते आधी सैनिक होते. मठात त्यांना स्वयंपाकघर दिलं गेलं आणि ते काम त्यांना मुळातच आवडत नव्हतं. तरी वर्षानुवर्षं भांड्यांच्या गडबडीत ते देवाशी बोलत राहिले. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना फरक उरला नाही, असं ते सांगत. १६९१ मध्ये ते वारले. त्यांच्या हातून नावाजण्यासारखं कार्य म्हणावं असं काही झालं नव्हतं, तरी लोक लांबून त्यांचा सल्ला घ्यायला येत. मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की नावडतं काम बदलून मिळेपर्यंत ते थांबले नाहीत.

४. घरात आजारी माणूस आहे, लहान मूल आहे. उपासनेला जाता येत नाही, निवांत प्रार्थना होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याला भेटलात का, हे विचारलं जातं. तुम्ही ते रात्री दोन वाजता उठून करताय. औषध देताना म्हटलेली एका ओळीची प्रार्थना ही पुरी प्रार्थना आहे. मात्र मंडळीला तुमची अडचण सांगा आणि आठवड्यातून एखादा तास कोणी घरी येऊन बसेल का, असं विचारा. ते विचारायला संकोच वाटत असेल तर प्रश्न २ चा शेवट पुन्हा वाचा.

५. कोणी कौतुक केलं तर काय म्हणावं? “सगळा गौरव देवाला” म्हटलं की उगाच मोठेपणा केल्यासारखं वाटतं.

“धन्यवाद, ऐकून बरं वाटलं” एवढं पुरे. कोणाची मदत झाली असेल तर त्यांचं नाव घ्या. देवाचे आभार एकांतात मानलेत तर त्याला ते पोचतात.

६. मत्तय ६ मध्ये दान गुप्तपणे करा म्हटलंय, आणि मत्तय ५:१६ मध्ये तुमची चांगली कामं लोकांना दिसू द्या म्हटलंय. नक्की काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. दोन्ही वाक्यं एकाच प्रवचनातली आहेत, अगदी जवळजवळची. तेव्हा येशूला एक म्हणायचं होतं आणि दुसरं चुकून निसटलं, असं होऊ शकत नाही.

५:१६ चा शेवट बघा: लोकांनी कामं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा. ६:१ मध्ये लोकांनी आपल्याला पाहावं या हेतूने करू नका, असं आहे. म्हणजे काम दिसलं की नाही, यावर फारसं काही अवलंबून नाही. पाहणारा शेवटी कोणाचं नाव घेऊन घरी जातो, तो खरा फरक.

प्रेषितांची कृत्ये ४:३६-३७ मध्ये बर्णबा शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतो आणि लूक त्याचं नाव लिहून ठेवतो. म्हणजे उघड दान सरसकट वाईट नाही. लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको तेच करतात, पण थोडे पैसे मागे ठेवतात आणि सगळे दिल्याचं भासवतात. पेत्र त्यांना स्पष्ट सांगतो की जमीन तुमची होती, पैसेही तुमचे होते. थोडं दिलं म्हणून कोणी रागावलं नसतं. आहोत त्यापेक्षा जास्त उदार दिसायची हौस त्यांना नडली.

व्यवहारात मी असं सांगतो: जिथे फक्त तुमच्या खिशाचा प्रश्न आहे तिथे गुप्त द्या. जिथे इतरांनीही पुढे यावं म्हणून कोणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं तिथे उघड द्या आणि पुढची चर्चा कामाकडे वळवा. आणि ज्याला मदत केली त्याच्यासोबत फोटो काढू नका. कामाचा अहवाल द्यायचा असेल तर वस्तूंचा द्या, माणसाचा चेहरा त्यात नको. मदत घेताना माणूस आधीच ओशाळलेला असतो. त्याच क्षणाचं चित्र काढून ते कायमचं करणं मला निर्दयपणाचं वाटतं, मग हेतू कितीही चांगला असो.

एक उलटी पळवाटही आहे. चारचौघांत हसं होईल म्हणून विश्वास लपवायचा आणि त्याला नम्रता म्हणायचं. ती भीती आहे. तिला भीती म्हणूनच देवापुढे आणावं. त्याबद्दल प्रश्न ११ मध्ये आहे.

७. मग मंडळीचे पैसेही गुप्तपणे हाताळावेत का?

मुळीच नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम पोचवताना पौलाने मुद्दाम मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही सगळं नीट असावं, असं तो लिहितो (२ करिंथ ८:१८-२१). देणाऱ्याचं नाव झाकलेलं असू शकतं. हिशोब उघडाच हवा.

८. माफी नीट कशी मागायची? मी मागतो, पण भांडण वाढतंच.

बहुतेक माफ्या “जर” या शब्दावर अडतात. “जर तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी” यात दोष ऐकणाऱ्याच्या हळवेपणावर जातो. दुसरा अडथळा “पण” चा: “मी ओरडायला नको होतं, पण तूही...” इथून पुढे ती माफी राहत नाही.

समजा, कामाच्या ठिकाणी तुम्ही सगळ्यांसमोर एका सहकाऱ्याला झापलंत आणि नंतर कळलं की चूक तुमचीच होती. दुसऱ्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन हळूच सॉरी म्हणणं सोपं असतं. पण अपमान सगळ्यांसमोर झालाय. तेव्हा त्याच लोकांसमोर म्हणा: “काल मी यांच्यावर ओरडलो. आकडे मी तपासलेच नव्हते. चूक माझी होती, यांची नाही.” आणि थांबा. कारण देऊ नका, रात्री झोप झाली नव्हती हे सांगू नका, “माफ केलंस ना?” असं लगेच विचारू नका. समोरच्याला वेळ लागणार असेल तर तो वेळ त्याच्या हक्काचा आहे.

नुकसान झालं असेल तर भरपाई करा. मोशेच्या नियमशास्त्रात अपराध कबूल करून मूळ नुकसान अधिक पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय (गणना ५:७). जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट द्यायची तयारी दाखवली (लूक १९:८). आणि मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. उपासना अर्धवट सोडून जा असं सांगण्याइतकं त्याला हे तातडीचं वाटलं.

आई-वडिलांनी मुलांची माफी मागावी का, असंही विचारतात. मागावी, याच पद्धतीने. मान जाईल अशी भीती असते, पण मुलांना चूक कोणाची होती हे आधीच कळलेलं असतं.

९. मी माफी मागितली, तरी समोरचा बोलत नाही. आता काय?

रोमकरांस १२:१८ मध्ये पौलाने दोनदा मर्यादा घातली आहे: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तेवढं. दार उघडं ठेवा, मागे लागू नका, तिसऱ्याला मध्ये घालून दबाव आणू नका. त्यांच्यासाठी प्रार्थना चालू ठेवा.

१०. एक माणूस मला मनातून आवडत नाही, तरी मी गोड वागते. हे ढोंग नाही का?

ढोंग तेव्हा होतं जेव्हा गोड वागण्यामागे स्वतःचा फायदा असतो. प्रेम ही फक्त भावना असती तर शत्रूवर प्रेम करा ही आज्ञा कोणाला पाळताच आली नसती.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली तेरेजा (१८७३ ते १८९७) हिला मठातल्या एका बहिणीचं वागणं, बोलणं, सगळंच खटकायचं. ती भेटली की तेरेजा तिच्यासाठी प्रार्थना करायची, तिची कामं करून द्यायची आणि उलट उत्तर जिभेवर आलं की हसून विषय बदलायची. फारच अनावर झालं तर चक्क पळ काढायची. शेवटी त्या बहिणीनेच विचारलं, तुम्हाला माझ्यात एवढं काय आवडतं? मला या गोष्टीतला पळ काढण्याचा भाग फार आवडतो. प्रेम करायचं म्हणून स्वतःची मर्यादा विसरायची गरज नाही. मात्र न आवडण्याचं कारण त्रास किंवा अन्याय हे असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. प्रश्न २१ वाचा.

११. वेगळ्या धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या मित्रांशी विश्वासाबद्दल कसं बोलावं? मुद्दाम विषय काढला की अवघडल्यासारखं होतं.

१ पेत्र ३:१५ मध्ये तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार राहा, असं आहे, आणि लगेच पुढे: सौम्यतेने आणि आदराने. यात विचारणारा आधी आहे. तुमच्या जगण्यात काहीतरी असं हवं की कोणाला विचारावंसं वाटेल.

विचारलं तर सरळ सांगा. स्वतःबद्दल सांगा, वाद जिंकायला जाऊ नका: “मी प्रार्थना करते. त्या काळात त्यानेच मला धरून ठेवलं असं मला वाटतं.” मग त्यांचंही विचारा आणि खरंच ऐका. समोरच्याच्या श्रद्धेतला सर्वांत कच्चा दुवा शोधून आपल्या श्रद्धेच्या सर्वांत चांगल्या बाजूशी त्याची तुलना करू नका. ते खोट्या साक्षीच्या फार जवळ जातं. मैत्रीला अट लावू नका. तुमच्या प्रार्थनासभेला न येणारा मित्र हा कमी मित्र नाही. आणि कोणी आजारी, कर्जबाजारी किंवा दुःखात असताना मदतीच्या बदल्यात विश्वासाची अपेक्षा ठेवणं हे कृपेच्या अगदी उलट आहे.

१२. इंटरनेटवर कोणी विश्वासाची टिंगल केली की रक्त तापतं. उत्तर द्यायचं की गप्प बसायचं?

नीतिसूत्रांत २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, आणि लगेच २६:५ म्हणतं उत्तर दे. दोन्ही मुद्दाम शेजारीशेजारी ठेवली आहेत. प्रसंग ओळखायचं काम आपल्यावर सोडलंय.

रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून लिहिलेलं उत्तर तसंच ठेवा, पाठवू नका. सकाळी ते त्या व्यक्तीला समोर बसवून मोठ्याने वाचताय अशी कल्पना करून वाचा. ज्या वाक्यावर आवाज अडखळेल ते खोडा. बहुतेकदा शेवटी उरतं ते एखादी चुकीची माहिती दुरुस्त करणारं वाक्य. तेवढं टाका आणि बाहेर पडा. टिंगलीत तथ्य असेल, उदाहरणार्थ मंडळीतल्या कोणी खरंच गैरवागणूक केली असेल, तर “हे खरं आहे आणि ते चूक होतं” एवढं म्हणायची हिंमत दाखवा. ख्रिस्ताला आपल्या खोट्या बचावाची गरज नाही.

१३. “न्याय करू नका” म्हटलंय. मग दुसऱ्याची चूक दाखवायचीच नाही का?

मत्तय ७:१-५ शेवटपर्यंत वाचा. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचं आहेच. क्रम उलटा करायचा नाही.

कसं काढायचं ते मत्तय १८:१५ मध्ये आहे: आधी एकट्याने, एकांतात. नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपण नेमकं शेवटापासून सुरू करतो. सगळ्यांना सांगून झालं की शेवटी त्या माणसाला कळतं. गलतीकरांस ६:१ मध्ये सौम्यतेने सावरा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा, असं म्हटलंय. बोलायला जाण्याआधी मनात थोडीशी मजा वाटत असेल तर अजून जाऊ नका. याला एक ठाम अपवाद आहे, तो प्रश्न २१ मध्ये.

१४. प्रार्थनागटात दुसऱ्याच्या अडचणी सांगून प्रार्थना मागितली जाते. हे योग्य आहे का?

त्या व्यक्तीची परवानगी असेल तर. एरवी हे असं घडतं: सगळे गोलाकार बसलेत, कोणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, “अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हं, जास्त बोलत नाही, पण नवरा-बायकोचं काही ठीक नाही.” दोन क्षण शांतता. मग दुसरं कोणी, “हो, मीही ऐकलंय.” प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच चहाडी पुरी झालेली असते. देवाला तपशील ठाऊक आहेत. “एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या” एवढं म्हटलं तरी चालतं, आणि नाव ओळखू येणार असेल तर तेही नको. गटाच्या प्रमुखाने तिथल्या तिथे शांतपणे थांबवावं. नंतर समजवण्यात अर्थ नसतो, तोवर गोष्ट घरोघर पोचलेली असते.

१५. कोणी माझी चूक दाखवली की मी आतून पेटतो. मग नुसती वरवरची नम्रता काय कामाची?

पेटणं आपल्या हातात नसतं, पुढची दोन मिनिटं असतात. “मला यावर विचार करू द्या, उद्या बोलतो” हे वाक्य पाठ करून ठेवा. त्या रात्री एकच गोष्ट शोधा: ते जे बोलले त्यात खरं किती? सांगायची पद्धत चुकीची असेल, हेतूही वाईट असेल, तरी दहातला एक भाग खरा असू शकतो. तो घ्या आणि दुसऱ्या दिवशी तसं सांगा.

अंत्युखियात पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा, पण काही लोक आल्यावर घाबरून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं (गलती २:११-१४). पेत्र मानाने मोठा. प्रभूबरोबर हिंडलेला. आता २ पेत्र ३:१५ उघडा. तिथे पौलाचा उल्लेख “आपला प्रिय बंधू” असा आहे. कोण नम्र आहे हे मला ठरवायला सांगितलं तर मी त्याची सेवा मोजणार नाही, त्याला टोकलं की नंतर तो टोकणाऱ्याशी कसा वागतो ते बघेन.

१६. बढती मागणं, नाव कमवावंसं वाटणं, हे विश्वासात बसतं का?

बसतं. याकोब आणि योहान यांनी येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागितल्या (मार्क १०:३५-४५) तेव्हा येशूने मोठं व्हायची इच्छाच धरू नका असं म्हटलं नाही. मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं, असं म्हटलं. बाकीचे दहा शिष्य संतापले तेही बघण्यासारखं आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी याचा नीट विचार केला होता. देवाने दिलेल्या देणग्यांकडे बघून मोठ्या कामाला हात घालणं आणि स्वतःच्या उणिवांकडे बघून लीन राहणं, हे एकमेकांच्या विरोधात नाही, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा केलेलं काम खरं तेवढं सांगा आणि हक्काचं मागा. इतरांनी मिळून केलेलं काम एकट्याच्या नावावर सांगू नका. दुसऱ्याला पाडून वर जावं लागत असेल तर ती जागा सोडा. तुमच्याऐवजी दुसऱ्याला बढती मिळाली तर त्याचं मनापासून अभिनंदन करता येतं का, यावरून तुम्हाला स्वतःबद्दल पुष्कळ कळेल.

१७. मी मंडळीत जबाबदारीच्या जागी आहे. निर्णय घ्यावे लागतात. अधिकार आणि नम्रता एकत्र कशी चालणार?

निर्णय टाळणं ही नम्रता नव्हे. मोशेला पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटलंय (गणना १२:३), आणि तो फारोसमोर उभा राहिला होता. १ पेत्र ५:३ मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, कळपावर धनीपणा गाजवू नका, उदाहरण घालून द्या, असं सांगतं. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठनियमात तिसऱ्या प्रकरणात एक फार शहाणी सूचना आहे: महत्त्वाचा विषय असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण जे अधिक चांगलं ते प्रभू पुष्कळदा सर्वांत लहानाला दाखवतो.

तुमच्या बैठकीत सगळ्यात नवीन व्यक्ती शेवटची कधी बोलली? ती बोलेपर्यंत तुम्ही तुमचं मत सांगू नका. आणि तुम्हाला “नाही” म्हणू शकेल असं कोणीतरी खरोखर असू द्या, ज्याला तसं म्हटल्याची किंमत मोजावी लागणार नाही.

१८. एकच माणूस पुन्हा पुन्हा पैसे मागतो. नाही म्हटलं तर गर्व, दिले तर फसल्यासारखं वाटतं.

गलतीकरांस ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहा, असं आहे आणि तीनच ओळींनी ६:५ मध्ये ज्याने त्याने आपला भार वाहावा, असंही आहे. माणसाला चिरडणारं ओझं वाटून घ्यायचं, त्याचा रोजचा भार त्याच्याकडून काढून घ्यायचा नाही. “काम करायचं नाही त्याने खाऊही नये” हे २ थेस्सलनीका ३:१० मधलं वाक्य लोक पटकन फेकतात. ते काम करायची इच्छा नसलेल्यांबद्दल आहे. काम मिळत नाही, होत नाही, त्यांच्यावर ते फेकणं अन्याय आहे.

पैशांऐवजी गरज भागवता येते का ते बघा: औषध आणून देणं, फी परस्पर भरणं. व्यसनासाठी पैसे जात असतील तर देऊ नका, आणि नाही म्हणताना उपदेश जोडू नका. “पैसे देणार नाही, पण उपचाराला तुझ्याबरोबर येईन” असं म्हणा, आणि खरंच जायची तयारी ठेवा.

१९. नम्र व्हायला जातो आणि त्याचाच अभिमान वाटायला लागतो. यातून सुटका आहे का?

लूक १८:९-१४ मधला परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशांश द्यायचा. तो खोटं काही बोलत नव्हता. तो मंदिरात स्वतःची तुलना करत उभा राहिला आणि जकातदार देवाकडे दया मागत उभा राहिला. तेव्हा अभिमान आलेला लक्षात आला की त्याच्याशी झुंजत बसू नका, नाहीतर लक्ष पुन्हा स्वतःवरच राहतं. “प्रभू, हेही आहे, दया कर” म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा.

उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन यांनी ४१० च्या सुमारास दियोस्कोरस नावाच्या तरुणाला लिहिलं होतं की सत्याकडे जाण्याच्या वाटेत पहिली नम्रता, दुसरी नम्रता, तिसरीही नम्रताच, आणि तू कितीदाही विचारलंस तरी माझं उत्तर हेच राहील. तेव्हा हे एकदा मिळवून संपणारं काम नाही. कलस्सैकरांस २:२३ मध्ये पौल शरीराला कष्ट देऊन दाखवलेल्या नम्रतेबद्दल बजावतो की ती शहाणपणाची दिसते, पण तिने वासना आटोक्यात येत नाहीत.

२०. मला सतत अपराधी वाटतं, स्वतःचा तिरस्कार येतो. लोक म्हणतात ही नम्रता आहे. आहे का?

नाही. पश्चात्तापाला नाव असतं: अमुक केलं, अमक्याशी केलं. तो कबुलीकडे आणि मग हलकं होण्याकडे जातो. तुम्ही सांगताय ते धुक्यासारखं आहे, कबूल करूनही हटत नाही. १ योहान ३:२० म्हणतं की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे.

हे काही आठवडे टिकलं असेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हा विश्वासाचा पराभव नाही. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ताच कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून खायला दिलं आणि झोपू दिलं (१ राजे १९). त्याला कोणी अविश्वासी म्हटलं नाही.

२१. दुसरा गाल पुढे करायचा म्हणजे घरातली मारहाण किंवा मंडळीतल्या कोणाचं गैरवर्तन सोसायचं का?

नाही. मत्तय ५:३९ मध्ये येशू सूड घेऊ नका असं सांगतो. मार खात राहा, असं तो सांगत नाही. त्याला स्वतःला महायाजकासमोर चापट मारली गेली तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८:२२-२३). फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायला बघितलं. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). अधिकाऱ्यांना यावं लागलं. कायद्याचा आधार घेतल्याने पौलाची नम्रता कमी झाली नाही.

प्रश्न १३ मधला “आधी एकट्याने जा” हा क्रम इथे लागू नाही. मारणाऱ्याला किंवा छळणाऱ्याला एकट्याने गाठू नका. आधी सुरक्षित ठिकाणी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची आणि डॉक्टरांची मदत घ्या. जखमांची आणि धमक्यांच्या संदेशांची नोंद ठेवा. क्षमा करणं आणि पुन्हा त्याच घरात राहायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्या आणि देवाच्या मधली आहे, तिला वेळ लागला तर लागू द्या. दुसरीसाठी समोरचा खरोखर बदलला आहे याचा दीर्घकाळ पुरावा हवा, आणि तरीही ती तुमच्यावर बंधनकारक नाही.

“मंडळीचं नाव खराब होईल, नम्रतेने सोसून घ्या” असं कोणी सांगितलं, मग सांगणारा पाळक का असेना, तर ऐकू नका. सोसणाऱ्याला गप्प करणारा उपदेश मला फिलिप्पैच्या त्या अधिकाऱ्यांसारखाच वाटतो. त्रास एखाद्या लहान मुलाला होत असेल तर मंडळीच्या चौकशीची वाट बघू नका. मुलाचं ऐकून घ्या, त्याच्यावर विश्वास ठेवा, त्याला त्या माणसापासून दूर करा आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवा.